कामिनोवर ओस्पितालेरा म्हणून १५ दिवस: फोड, झाडू आणि दानपेटी

पिवळाबाण
मागे एका धाग्यात मी बढाई मारली होती की कामिनो चालून झाला, आता एकदा टेबलाच्या पलीकडे, म्हणजे यात्रेकरूंची सोय बघणाऱ्यांच्या बाजूला बसायचंय. गेल्या सप्टेंबरात बसून आले. तिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं, म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना कामिनो हे नावच नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोम्पोस्तेला नावाचं शहर आहे. येशूच्या बारा प्रेषितांपैकी संत याकोब यांची कबर तिथल्या कॅथीड्रलमध्ये आहे, अशी श्रद्धा. मध्ययुगापासून लोक तिथे पायी जातात. अनेक वाटा आहेत, त्यातली सगळ्यात वर्दळीची ‘फ्रेंच वाट’. पिरेनीजच्या फ्रान्सकडल्या पायथ्याशी सेंट-जाँ-पिए-द-पोर आहे, तिथून साधारण ७८० किमी. २०२४ मध्ये जवळपास ५ लाख लोकांनी सांतियागोला पोचून यात्रेचं प्रमाणपत्र घेतलं. एवढ्या माणसांना रोज रात्री पाठ टेकायला जागा लागते. त्या जागेला म्हणतात आल्बेर्गे आणि ती सांभाळणाऱ्याला ओस्पितालेरो. बाई असेल तर ओस्पितालेरा.

आमचं आल्बेर्गे मेसेतावर होतं, म्हणजे बुर्गोस आणि लेओनच्या मधल्या सपाट, बिनसावलीच्या पठारावर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. चर्चच्या पाठीमागची जुनी इमारत, २२ खाटा, दोन संडास, तीन न्हाण्या, एक स्वयंपाकघर. सेवेकरी दोनच: मी आणि इटलीतला एक निवृत्त बसचालक. त्याला इंग्रजी येत नाही, मला इटालियन येत नाही, आणि स्पॅनिश दोघांचंही मोडकं. पंधरा दिवसांत एकदाच भांडलो. ते पुढे सांगते.

दिनक्रम असा. पहाटे साडेपाचला कॉफी ठेवायची. आठला शेवटचा यात्रेकरू बाहेर. त्यानंतर जे काम सुरू होतं त्याचे फोटो कुणी टाकत नाही: २२ गाद्या झटकायच्या, उश्या उलटसुलट करून तपासायच्या, न्हाणीच्या जाळीत अडकलेले केस काढायचे, संडास ब्लीचने घासायचे, डबे उपसायचे. मग बाजारहाट. एक वाजता दार उघडायचं. तोवर दारात बॅगांची रांग लागलेली असते आणि बॅगांच्या मागे भिंतीला टेकून माणसं.

आलेल्याला आधी खुर्ची आणि पाणी, वही नंतर. हा धडा मी दुसऱ्या दिवशी शिकले. पहिल्या दिवशी मी आधी पासपोर्ट मागत होते. (नोंद करावीच लागते, तो तिथला कायदा आहे.) एक कोरियन मुलगा पासपोर्ट शोधता शोधता भोवळ येऊन बॅगेवरच बसला. त्यानंतर वही बाजूला. माणूस अर्धा पेला पाणी पितो, बूट काढतो, मग आपणहून क्रेदेन्सियाल पुढे करतो. क्रेदेन्सियाल म्हणजे यात्रेकरूची घडीची पुस्तिका. तिच्यात ज्या त्या मुक्कामाचा शिक्का बसतो. शिक्का मारताना लोक लहान मुलांसारखे वाकून बघतात. तोच क्षण पाय बघण्याचा. त्यांचं लक्ष शिक्क्यावर, माझं त्यांच्या चालीवर.

विचारा काय विचारायचं ते.

निळाकावळा
भारी! मला सरळ प्रश्न. यासाठी नाव कुठे घालायचं आणि खर्च किती येतो?

पिवळाबाण
नाव घालायचे रस्ते बरेच आहेत. ‘ओस्पितालेरोस वोलुंतारियोस’ नावाची जी स्पॅनिश चळवळ आहे ती १९९० पासूनची, आता स्पेनच्या कामिनो संघटनांच्या महासंघाखाली चालते. अट एकच, पण ती टाळता येत नाही: तुम्ही स्वतः आधी यात्रेकरू म्हणून चाललेले असायला हवं. मग एका शनिवार-रविवारचं प्रशिक्षण. मग १५ दिवसांची पाळी, आणि ती कुठे मिळेल ते तेच ठरवतात. अमेरिका आणि कॅनडातल्या यात्रेकरू संघटनाही असं प्रशिक्षण देतात.

पैसे मिळत नाहीत. येण्याजाण्याचा खर्च आपला. तिथे झोपायला जागा आणि जेवण मिळतं.

शिवाय काही आल्बेर्गे परदेशी संघटना चालवतात आणि आपल्याच सभासदांना पाठवतात. रोन्सेस्व्हायेसला डच लोक असतात. राबानाल देल कामिनोचं गाउसेल्मो ब्रिटिश संघटनेने १९९१ मध्ये सुरू केलेलं. आणि पुएंते फितेरोजवळचं सान निकोलास इटलीच्या पेरुजाचं बंधुमंडळ चालवतं. तिथे मुख्य इमारतीत वीज नाही, मेणबत्त्यांवर जेवण, आणि जेवणाआधी यात्रेकरूंचे पाय धुतात.

खवचटखापर
एक विचारू का? राग मानू नका. हल्ली तिथे जाणारे निम्मे लोक ‘यात्रेकरू’ कमी आणि स्वस्तात युरोप फिरणारे जास्त. त्यांचे संडास धुवायला स्वतःच्या पैशाने विमानाने जायचं? बॅग टॅक्सीने पुढे पाठवतात आणि संध्याकाळी बियरसोबत फोटो टाकतात.

पिवळाबाण
राग नाही. हा प्रश्न मलाही तिसऱ्या दिवशी पडला होता, हातात ब्रश असताना.

आमचं आल्बेर्गे ‘दोनातिवो’ होतं. म्हणजे दर नाही, दारापाशी लाकडी पेटी. याच वाटेवरच्या ग्रान्योन गावच्या चर्चमध्ये अशीच एक पेटी उघडी ठेवलेली असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या. लोक ‘दोनातिवो’चा अर्थ फुकट असा घेतात. एका सकाळी २२ जणांमागे पेटीत ४१ युरो आणि शर्टाचं एक बटण निघालं. त्या रात्री जेवणात मसूर आणि पाव. दुसऱ्या एका सकाळी कुणीतरी गुपचूप ५० च्या दोन नोटा घडी करून टाकलेल्या. त्या रात्रीच्या लोकांना सॅलड, टॉर्तिया, कलिंगड. आज जे जेवतायत ते काल झोपून गेलेल्यांच्या पैशाने. मी ते रोज जेवणाआधी सांगायला लागले आणि पेटी जरा बरी भरू लागली.

आता तुमचा मुद्दा. बॅग पुढे पाठवणाऱ्यांबद्दल माझंही मन साफ नव्हतं. मग एका बाईने न्हाणीतून हाक मारली. पाठीत ऑपरेशनचा लांबलचक व्रण, हात मागे पोचत नव्हता, मलम लावून हवं होतं. ती बॅग पाठवत होती. त्यानंतर मी दारात उभं राहून कोण खरा कोण खोटा हे ठरवणं सोडलं. खरं सांगते, पूर्ण सोडलं नाही. मनात चालूच होतं.

डॉक्टरीणबाई
वाचतेय. मी दोन वर्षांपूर्वी चालले, तेव्हा जिथे मुक्काम तिथे माझ्या पुढ्यात पाय यायचे. साधा प्रश्न: तुम्हा लोकांना प्रथमोपचाराचं काय शिकवतात? कारण मी जे पाहिलं त्यातलं काही बघून माझ्या अंगावर काटा आला.

पिवळाबाण
थोडंच शिकवतात, आणि ते थोडं ‘काय करू नये’ याबद्दल. गोळ्या द्यायच्या नाहीत. अगदी मागितली तरी नाही. ज्याची त्याची गोळी ज्याने त्याने घ्यावी. हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान कुठे, आज रात्रपाळीचं दुकान कुठलं, सेंत्रो दे सालुद (सरकारी दवाखाना) किती वाजता उघडतो, हे भिंतीवर लावलेलं असायला हवं. आणीबाणीला ११२. आमच्या पेटीत हातमोजे, गॉझ, सलाईनच्या कुप्या, बीटाडीन, चिकटपट्टी, कात्री, थंड पिशव्या एवढंच.

तुम्ही सांगा ना नीट. तुम्ही सांगितलेलं लोक ऐकतील.

डॉक्टरीणबाई
सांगते, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे रागावून.

लहान, न दुखणारा फोड: हात लावू नका. वरची कातडी हीच सर्वांत चांगली पट्टी आहे. मोठा, ताणलेला, पाऊल टेकू न देणारा फोड: साबणाने हात धुवा, हातमोजे घाला, फोड निर्जंतुक करा, निर्जंतुक सुईने कडेला खालच्या बाजूने टोचा, पाणी हलकेच दाबून काढा, कातडी कापू नका, झाका. संपलं. मधुमेह असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर सुई खाली ठेवा आणि दवाखान्यात पाठवा. मधुमेही माणसाला अनेकदा दुखतच नाही, म्हणून तो हसत हसत पाय पुढे करतो. आधी विचारा.

त्या जाड जेलसारख्या हायड्रोकोलॉइड पट्ट्या चांगल्या, पण रात्री ओढून काढू नका. पट्टीबरोबर कातडी येते. आपोआप सुटेपर्यंत राहू द्या. आणि पू असेल तर ती लावूच नका.

लालसर रेघ पायावरून वर सरकतेय, ताप, पू, वास: आजच डॉक्टर, उद्याच्या मुक्कामाला नाही.

फोडापेक्षा मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. लांबच्या विमानप्रवासानंतर दोनतीन दिवसांत एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. सगळे म्हणतात ‘स्नायू आखडला’ आणि चोळायला बसतात. चोळू नका. ती रक्ताची गाठ असू शकते, सरळ दवाखाना. तसंच मेसेतावर उन्हात बरळायला लागलेला, वाट चुकलेला माणूस. तो थकलेला नाही, त्याला उष्माघात असू शकतो. सावली, अंगावर पाणी, वारा आणि ११२. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

शिंपला
डॉक्टरीणबाईंशी बहुतेक सहमत. पण फोडातून सुईने दोरा ओवून ठेवण्याची जुनी पद्धत राहिलीच की. दोरा आत ठेवला की पाणी रात्रभर झिरपत राहतं, फोड परत भरत नाही. मी तीन पाळ्या केल्या आहेत. जुने ओस्पितालेरो सगळे हेच करायचे. स्पॅनिश आज्या तर दोऱ्यावर बीटाडीन लावून द्यायच्या.

डॉक्टरीणबाई
आणि याच दोऱ्याबद्दल माझ्या अंगावर काटा आला होता. दोरा बाहेरून आत जाणारी वात आहे. मोज्यातली घाण, घाम, जंतू, सगळ्यांसाठी उघडं दार. पाणी बाहेर येतं हे खरं. पण आतही काहीतरी जातं.

शिंपला
शेकडो पाय पाहिलेत हो. एकही बिघडला नाही.

डॉक्टरीणबाई
बिघडलेला पाय तुमच्याकडे परत आला असता का? तो पुढच्या गावात बिघडला.

पिवळाबाण
थांबा, मी माझं पाप सांगते, मग भांडा.

चौथ्या दिवशी एका पोलिश पोराच्या टाचेला जर्दाळूएवढा फोड. माझा इटालियन जोडीदार स्वयंपाकात. मी जुन्या ओस्पितालेराकडून दोऱ्याचं ऐकलं होतं, फार हुशारी वाटत होती. ओवला. पोरगा खूष, फोटो काढला, माझ्या गालावर पापा. आठवड्याने त्याच्या बरोबरच्या मुलीने वहीतल्या नंबरवर निरोप पाठवला: पाय सुजला, प्रतिजैविकं चालू, लेओनमध्ये पाच दिवस अडकलाय. दोऱ्यामुळेच झालं असं कुणी सिद्ध केलं नाही. त्याने तोच मोजा तीन दिवस घातला होता हेही खरं. पण सुई माझ्या हातात होती.

त्यानंतर मी फोडाला हात लावला नाही. सलाईन, गॉझ, पट्टी देते, आरसा देते, खुर्ची देते, त्यांनाच करू देते. जमत नसेल तर दवाखाना.

(तुम्ही हसाल, पण आरसा ही पेटीतली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. टाचेची मागची बाजू स्वतःला दिसत नाही.)

शिंपला
बरं. दोरा मागे घेतो. निदान इथे तरी.

मधलीसुट्टी
लेख वाचताना वारीतले पायाला तेल चोळणारे आठवले. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवायची पद्धत तिथे आहे का?

खवचटखापर
आली, वारी आली. प्रत्येक धाग्यात एकदा यायलाच हवी. वेगळा धागा काढा.

पिवळाबाण
असू दे हो, आठवणारच. मीठपाण्याच्या बादल्या आमच्याकडेही होत्या आणि संध्याकाळी अंगणात चौघे चौघे पाय बुडवून बसायचे. त्यातून औषध किती होतं माहीत नाही, पण गप्पा तिथेच होत. डॉक्टरीणबाई?

डॉक्टरीणबाई
दहा मिनिटं बसा, मजा करा. अर्धा तास भिजवून कातडी मऊ केलीत तर उद्या ती जास्त सोलेल. आणि एकाच बादलीत चौघांनी पाय घालू नका. पायाची बुरशी ही तीर्थयात्रेची शिदोरी नव्हे.

पिवळाबाण
एका बादलीत एक, नोंद घेतली.

आता ते भांडण. अकराव्या दिवशी फ्रान्सची एक बाई आली, सत्तरीच्या पुढची, एकटी, गुडघ्याला पट्टा. जेवणानंतर तिने बाह्या सरसावल्या आणि भांड्यांच्या ढिगाकडे गेली. मी धावत जाऊन तिच्या हातातून स्पंज घेतला. पाहुण्याने भांडी घासायची? आईने मला जन्मात माफ केलं नसतं. ती बाई म्हणाली, नको. मी म्हटलं, तुम्ही बसा, गुडघा वर ठेवा. ती बसली. पाच मिनिटांनी पाहिलं तर उठून झोपायला निघून गेली होती.

माझा जोडीदार भडकला. मोडक्या स्पॅनिशमध्ये, हात नाचवत. मला जेवढं समजलं ते असं: तीन आठवडे सगळे हिची बॅग उचलतायत, हिला खुर्ची देतायत, हिला विचारतायत गुडघा कसा आहे. आज तिला एकदा दुसऱ्यासाठी काही करायचं होतं आणि तेवढं तू काढून घेतलंस.

मी रागाने दोन तास बोलले नाही. मग पहाटे तिच्या आधी उठले आणि तिला विचारलं, पाव कापून द्याल का? बाईंनी २२ जणांसाठी पाव कापला, सगळ्यांच्या ताटल्या लावल्या, वर लोण्याचे तुकडे किती ठेवायचे यावरून मला दटावलं. जाताना माझ्या दोन्ही गालांना गाल लावून निरोप दिला.

त्यानंतर मी रोज काहीतरी काम मुद्दाम शिल्लक ठेवायला लागले. कांदे सोलायचे, टेबलं लावायची. एका अमेरिकन माणसाने दाराची करकर काढून दिली, तेही न सांगता.

मेणबत्ती
जोडीदाराचं पटलं. थोडं अवांतर, पण याच विषयातलं. मी कामिनो नाही, लुर्दला सेवा केली आहे, एक आठवडा. फ्रान्समध्ये पिरेनीजच्याच पायथ्याशी, जिथे १८५८ मध्ये बर्नादेत या मुलीला पवित्र मारियेचं दर्शन झालं असं मानतात. तिथे पायी येणारे कमी, आजारी जास्त. खाटेवर, चाकाच्या खुर्चीवर, आगगाडीने, विमानाने.

तिथली सेवा करणारी संघटना ‘ऑस्पितालिते नोत्र-दाम द लुर्द’ १८८५ पासून आहे. नव्या माणसाला एकदम रुग्ण उचलायला देत नाहीत. आधी शिकाऊ म्हणून ठेवतात आणि जुन्या माणसाच्या बरोबर जोडी लावतात. स्टेशनवर, विमानतळावर, स्नानकुंडांपाशी, मिरवणुकीत. रुग्णांना बसवून निळ्या छताच्या गाड्या ओढतात ना, ते हेच लोक. महासाथीच्या काळात स्नानकुंडांऐवजी हात-तोंड धुणं आणि ओंजळीने पाणी पिणं असा साधा विधी सुरू झाला.

माझं निरीक्षण पिवळाबाणच्या उलट टोकाचं, पण तिथेच पोचणारं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला ‘मी ढकलू का’ विचारलं पाहिजे, ‘ढकलते’ म्हणून चालत नाही. त्यांनी मला पहिल्या दिवशी एक तास खुर्चीत बसवून गावभर ढकललं. पदपथाची दोन इंचांची पायरी काय चीज असते हे तेव्हा कळलं. आणि लोक खुर्चीतल्या माणसाशी न बोलता ढकलणाऱ्याशी बोलतात हेही.

निळाकावळा
तो एक तास मला आवडला. कामिनोवाल्यांनीही असं काही करायला हवं.

पिवळाबाण
म्हणूनच ती अट की आधी चालून या. ज्याने स्वतः रात्री दहाला पलंगावर उताणं पडून उद्या चालता येईल का याची भीती अनुभवली नाही, त्याला दारातल्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही.

खवचटखापर
खरं विचारू का आता, टोमणा नाही. मी कॅथलिक नाही. देवाबिवावर विश्वासही नाही. पण ही भांड्यांची गोष्ट वाचून हात शिवशिवले. माझ्यासारख्याला घेतात का?

पिवळाबाण
घेतात. महासंघ धर्म विचारत नाही, चालला आहात का ते विचारतो. पण पाळी कुठे मिळते यावर अवलंबून. चर्चच्या आल्बेर्गेत संध्याकाळी प्रार्थना असते. ग्रान्योनमध्ये ती वर गायकांच्या सज्जावर होते, मेणबत्ती हातोहात फिरते आणि जो तो आपल्या भाषेत काहीतरी बोलतो. तिथला ओस्पितालेरो दार उघडून देतो, मेणबत्ती पेटवतो, घंटा वाजवतो. ते करायला तुमची हरकत नसेल, आणि तोंडावर ‘हे सगळं थोतांड’ असे भाव येणार नसतील, तर चालेल. नाही तर नगरपालिकेचं किंवा संघटनेचं आल्बेर्गे मागा.

मी कॅथलिक आहे, पण माझा इटालियन जोडीदार मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जात नव्हता. पाव मात्र तोच आणायचा आणि आणताना बेकरीवाल्याच्या आईचं बीपी मोजून यायचा.

वाटसरू७१
इतिहासाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून भर घालतो. ‘ओस्पितालेरो’, ‘हॉस्पिटल’ आणि ‘हॉस्पिटॅलिटी’ हे सगळे एकाच लॅटिन ‘होस्पेस’चे नातेवाईक. त्या शब्दाचा अर्थ पाहुणाही आणि यजमानही. मध्ययुगातलं ‘ओस्पिताल’ म्हणजे वाटेवरचं आसरा देणारं घर, तिथे आजारी आणि धडधाकट दोघेही येत.

मेसेतावरच कास्त्रोखेरिसच्या अलीकडे सान आन्तोनचे भग्नावशेष आहेत, रस्ता अक्षरशः कमानीखालून जातो. तिथे १२व्या शतकापासून अंतोनी साधू ‘संत अंतोनीच्या आगी’चे रुग्ण सांभाळत. हातापायांची आग, मग काळे पडणे. आज माहीत आहे की कारण म्हणजे राय धान्यावर येणारी अर्गट बुरशी. म्हणजे विष भाकरीतच. सांतियागोत पोचल्यावर कॅथोलिक राजदंपतीने (इसाबेल आणि फेर्नांदो) १४९९ मध्ये हुकूम देऊन बांधवलेलं यात्रेकरूंचं इस्पितळ होतं, आज ते आलिशान हॉटेल आहे.

आणि त्या पिवळ्या बाणांबद्दल. धागाकर्तीचं नाव तिथूनच आलंय, तर सांगायलाच हवं. ओ सेब्रेइरो गावचे फादर एलियास वालिन्या यांनी १९८०च्या दशकात वाटेवर पिवळ्या रंगाने बाण काढायला सुरुवात केली, तेव्हा ही वाट जवळजवळ विसरली गेली होती.

पिवळाबाण
सान आन्तोनच्या भग्नावशेषांत आजही स्वयंसेवक लोकांना झोपायला जागा देतात, वीज नाही, गरम पाणी नाही. तिथली पाळी मिळावी म्हणून नंबर लावलाय.

मधलीसुट्टी
ढेकणांबद्दल कुणीच बोललं नाही. माझा खरा प्रश्न तोच.

पिवळाबाण
मी टाळत होते.

आले की आले. स्वच्छतेचा प्रश्न कमी, बॅगांचा जास्त, कारण रोज २२ बॅगा २२ ठिकाणांहून येतात. आम्ही बॅगा पलंगावर ठेवू द्यायचो नाही, दारात मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशवीत. कुणाच्या अंगावर रांगेत तीन-चार चावे दिसले तर त्याला एका बाजूला नेऊन, बाकीच्यांदेखत अजिबात नाही, हळू आवाजात सांगायचं. सगळे कपडे ६० अंशांवर धुवायचे, मग ड्रायरमध्ये पूर्ण गरम. बॅग उन्हात बांधून. त्याला हाकलून द्यायचं नाही. पुढच्या मुक्कामालाही सांगायला त्यालाच सांगायचं.

एकदा एक तरुण मुलगी हे ऐकून रडायलाच लागली, वाटलं तिच्यावर आरोप आहे. मी तिच्या शेजारी बसून माझ्या २०१९ च्या चाव्यांची कहाणी रंगवून सांगितली. तेव्हा कुठे तिने बॅग दिली.

निळाकावळा
व्हिसा? भारतीय पासपोर्टवर ‘स्वयंसेवक’ म्हटलं की अडवतील का?

पिवळाबाण
शेंगेन लागतोच. मी कामाचं स्वरूप अर्जातच लिहिलं, पगार नाही हेही, आणि संघटनेचं पत्र जोडलं. वकिलातीत आधी विचारा, लपवाछपवी करू नका. आणि परतीच्या तिकिटाला थोडी जागा ठेवा. पाळी संपल्यावर तुम्हाला चालावंसं वाटेल.

२०२७ मध्ये संत याकोबांचा सण, २५ जुलै, रविवारी येतोय. अशा वर्षी ‘पवित्र वर्ष’ असतं आणि गर्दी प्रचंड. म्हणजे माणसं हवीच असतील. त्याआधी चालून घेतलंत तर तोवर प्रशिक्षण होईल.

खवचटखापर
एप्रिलमध्ये चालतोय. सारियाहून शेवटचे १०० किमी पुरतील का, की सेंट-जाँपासूनच?

पिवळाबाण
प्रमाणपत्राला १०० पुरतात. ओस्पितालेरो व्हायचं असेल तर निदान दोन आठवडे चाला, कारण खरी कटकट दहाव्या दिवसापासून सुरू होते. आणि मेसेता टाळू नका. कारिओनपासून पुढे जवळपास १७ किमी गावच लागत नाही, बरोबर पाणी ठेवा.

शिंपला
आणि बॅग पाठवू नका. (गंमत.)

खवचटखापर
पाठवली तरी तुम्हाला कळणार नाही. बरं, प्रथमोपचाराची पेटी घरून काय न्यायची? दोरा नाही, समजलं.

डॉक्टरीणबाई
पातळ मोजे तीन जोड, बुटात आधीच महिनाभर चाललेला पाय, गॉझ, चिकटपट्टी, सलाईन, ओआरएसची चार पाकिटं, स्वतःची औषधं चिठ्ठीसकट. बाकी सगळं तिथल्या दुकानात मिळतं. तिथे ओआरएसला ‘सुएरो ओराल’ म्हणायचं.

पिवळाबाण
एक छोटा आरसा. कानात घालायचे बोळे. आणि कात्री हातबॅगेत ठेवू नका, माझी विमानतळावर काढून घेतली आणि पहिले दोन दिवस मी चिकटपट्टी दातांनी तोडत होते.